परवान्याचा अर्ज

"दारू पिऊन धिंगाणा घातल्याबद्दल कधी शिक्षा?" लॅपटॉपवरची नजर न काढता नोरीननं विचारलं.

"नाही."

"घातला असतास तर निदान लोकांना सांगायला काहीतरी झालं असतं." तिनं 'नाही'वर टिचकी मारली. "बायकोला मारहाण?"

"तूच सांग."

"नवऱ्याला मारहाण विचारत नाहीयेत, नशीब समज. नाही."

मेरिल सिंकपाशी उभा राहून बटाटे सोलत होता. आयडाहोहून न्यू जर्सीला येऊन त्यांना सात आठवडे झाले होते. अर्धी खोकी अजून उघडलेली नव्हती, लॅपटॉप त्यातल्याच एकावर होता. तिकडे मेरिलच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर कपाटाच्या वरच्या फळीवर बुटांच्या डब्यात असायचं आणि त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द विचारला नव्हता. इथं साठ दिवसांत परवाना काढून त्याची नोंद करायची होती, नाहीतर ते घरात असणं हाच गुन्हा. मेरिल ट्रकवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. अनोळखी गावात एकटीनं राहायचं म्हणून नोरीनला ते हवंच होतं.

"तुझ्याच नावानं अर्ज कर ना," मेरिल म्हणाला. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"बाबांनी ते तुझ्या नावावर ठेवलंय. आधी तू मला द्यायचं, त्याचे कागद आणखी वेगळे. दोन-चार वेळा 'नाही' म्हणायला तुझं काय जातंय?" तिनं पुढचं वाचलं. "मनाच्या आजारासाठी, थोडे दिवस का होईना, कधी हॉस्पिटलमध्ये होता का?" आणि वाचता वाचताच बाण 'नाही'वर नेला.

"थांब."

तिला वाटलं, सुरी लागली. तिनं मागं वळून पाहिलं. त्याचे हात ठीक होते.

"हो कर," तो म्हणाला.

"थट्टा पुरे, मेरिल. हे पोलिसांकडे जातं."

"म्हणूनच म्हणतोय."

त्यानं नळ बंद केला. सुरी खाली ठेवली आणि हात पँटला पुसले. "अकरा दिवस होतो. आपण भेटलो त्याच्या आदल्या वर्षी."

"एकवीस वर्षं झाली आपल्या लग्नाला."

"सुरुवातीला सांगणार होतो. मग तू खूश होतीस. मग फार उशीर झाला."

"कशासाठी होतास तिथं?" तिनं विचारलं, आणि तोंडातून शब्द गेल्यावर तिला आठवलं. दर वसंतात ती स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते रिव्हॉल्व्हर साफ करायला बसायची. मेरिल दर वेळी गवत कापायला बाहेर पडायचा. गवत उगवलेलं नसलं तरी. "तेलाचा वास सोसत नाही साहेबांना," असं ती पाहुण्यांसमोर हसून सांगायची, आणि तोही हसायचा.

"त्याच्यानंच?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं होकारार्थी मान हलवली. "भाऊ वेळेवर आला."

"आणि मी ते आपल्या पलंगाशेजारच्या कपाटात ठेवलं. इतकी वर्षं."

"तू म्हणायचीस, घरात असलं की तुला शांत झोप लागते."

नोरीननं 'हो'वर टिचकी मारली. त्याबरोबर खाली आणखी चार रकाने उघडले.

"हॉस्पिटलचं नाव," ती वाचू लागली. तिचा आवाज आता बँकेतल्या बाईसारखा झाला होता. "पत्ता."

"पाडलं ते. तिथं टायरचं दुकान झालंय."

"उपचार करणारे डॉक्टर."

"वारले."

"आजार बरा झाल्याचा दाखला."

"मी बरा आहे, नोरीन."

"तू सांगून चालत नाही. इथं लिहिलंय, डॉक्टरांनीच द्यायचा." ती रकान्याकडे बघत राहिली. "कोण देणार?"

"मग नाही कर परत."

"खोटं लिहिलं तर तुरुंग. तेही लिहिलंय."

तो येऊन तिच्या मागं उभा राहिला. तिच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला, पण तो अजून ओलसर होता, म्हणून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "पोलिसांना देऊन टाकू ते. उद्याच. मी नेतो."

"तू नाही न्यायचंस," ती एकदम म्हणाली.

शेजारच्या घरात कुणीतरी जिन्यावरून धडधडत खाली गेलं. अर्ज बंद करावा असं तिच्या मनात आलं, पण बंद करून समोर काय बघायचं, ते कळेना. समोर पुढचा प्रश्न होता. ती पुढच्या प्रश्नाकडे गेली.

"तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावं द्या," तिनं वाचलं. "नवरा, बायको किंवा नातेवाईक चालणार नाहीत."

तिनं ते एकदा मनात पुन्हा वाचलं.

"बरंय," ती म्हणाली. "नाहीतर मी बिनदिक्कत माझं नाव टाकलं असतं."