मळ

दार त्याच्या बायकोने उघडलं. प्रयोगशाळेतली बाई दारात पाहून ती आत वळून एवढंच म्हणाली, “तुमच्याकडे आल्यात.”

तो पातेलं घासत होता. हात पुसत बाहेर आला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो ग्राफीनचे, म्हणजे अणुभर जाडीच्या कार्बनच्या पापुद्र्याचे, नमुने काचेवर उतरवायचा. एका ठरावीक प्रकाशाला त्या पापुद्र्याने आरपार जाऊ द्यायला हवं होतं, गणित तसं सांगत होतं. पण दर वेळी थोडा प्रकाश आत मुरायचाच. नमुन्यांत मळ राहतो, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी ठरवलं. अहवालावर सही दारात उभ्या या बाईने केली. त्याची एकवीस वर्षांची नोकरी गेली.

“काका, मळ नव्हता,” ती उभ्याउभ्याच म्हणाली. “पापुद्र्यातले अणूच सारखे थरथरत असतात. कितीही थंड करा, पुरते थांबत नाहीत. त्या थरथरीचा हातभार लागला, की आरपार जायचा तो प्रकाशही शोषला जातो. आम्ही गणित नव्याने मांडलं. तुमच्या नमुन्यांच्या आकड्यांशी तंतोतंत जुळलं.”

तो खुर्चीच्या कडेला टेकला.

“मी म्हणत नव्हते?” बायको म्हणाली. “या माणसाच्या हातून मळ राहील? मी घासलेली भांडीसुद्धा परत घासतात हल्ली. बोटांची सालं निघालीत बघा.”

“तू थांब गं.” त्याने हात मांडीखाली घेतले. “छापून आलं?”

बाईने पिशवीतून शोधनिबंध काढून दिला. चष्मा लावून त्याने वरची नावं वाचली. पाच होती. मग शेवटी आभारांत पाहिलं. तिथेही त्याचं नव्हतं.

“नमुने स्वच्छ होते, असं लिहिलंय कुठे?”

“आहे ना.” तिने घाईघाईने दुसरं पान उलटून एका ओळीवर बोट ठेवलं.

त्याने ती ओठ हलवत वाचली. ‘नमुने निर्दोष आहेत, असे गृहीत धरले आहे.’

“सर नाही आले?”

“ते परिषदेला गेलेत. यावरच बोलायला.”

त्याने कागद होते तसे नीट जुळवले आणि तिच्या हातात परत दिले.

“गृहीत धरलंय,” तो म्हणाला. “तेव्हाही तेच केलं होतंत.”