खडूचा आकडा

“सहा कॅन पुरे,” असं म्हणत गाडीमालक हाजी सालिफूने रिसाच्या हातातला खडू ओढून घेतला आणि पिकअपच्या दारावर स्वतःच सहाचा आकडा काढला.

ड्रायव्हर रिसा बघतच राहिला. सहारातलं अगादेझ ते बिल्मा, सहाशे किलोमीटर नुसती वाळू. गाडी इतकी म्हातारी, की चढ दिसला की खोकते. त्याने पेट्रोलचे नऊ कॅन सांगितले होते, वीस-वीस लिटरचे.

“हाजी, कडक जमिनीवर ही शंभराला वीस लिटर पिते, पण मऊ वाळूत तीस. सहा कॅनमध्ये ही माणसं वाटेतच वाळतील.”

“गाडी नाही पीत, तुझा जड पाय पितो! तीन कॅनच्या जागेत दोन माणसं बसतात, कळतं का? बायकांसारखा घाबरतोस काय? अल्ला आहे ना वर.”

मापात पाप करताना असल्यांना अल्ला बरोबर आठवतो. हाजीने चघळलेल्या कोलाच्या बीची लाल पिचकारी मारली, ती मागे टांगलेल्या पाण्याच्या पखालींवरच पडली. त्याचं त्याला काही नाही. मागे नऊ माणसं केव्हाची चढून बसली होती. त्यात मांडीवर तान्हं घेतलेली फलमाता होती. तिचा नवरा बिल्म्याच्या मिठागरात कामाला, त्याने अजून पोराचं तोंडही पाहिलं नव्हतं. तिने पदराने पखाल पुसली.

“ठीक,” रिसा म्हणाला. “मग बसा पुढे.”

“कोण?”

“तुम्ही. आकडा तुम्ही लिहिलात.”

आमच्याकडे ही रीत जुनी आहे. दारावर पेट्रोलचा आकडा जो लिहील, त्याने पुढच्या सीटवर बसून बरोबर जायचं. म्हणून तर शहाणा मालक खडूला हात लावत नाही. हाव सुटली आणि हाजी विसरला. आता सगळा मोटार-अड्डा त्याच्याकडे बघत होता. नाही म्हणावं, तर उद्यापासून त्याच्या गाडीत कुत्रंही बसलं नसतं.

हाजी चढला. सीटवर टेकला, समोरच्या वाळूकडे पाहिलं आणि लगेच हमालाला हाक मारली.

“अरे, आणखी तीन कॅन आण. नाही, चार आण! आणि पाण्याचे दोन.”

मघाशी नसलेली जागा आता झाली. “सरका की जरा,” म्हणत त्याने लोकांना असं दाबलं, की म्हातारे गुडघे छातीशी घेऊन बसले. फलमाताला बसायला उरले ते नवे कॅनच. ती पोराला घेऊन त्यांच्यावरच बसली. हाजीने बाहीने सहा पुसला आणि ठसठशीत दहा लिहिला.

रिसाने इंजिन चालू केलं, तसा हाजीने पोटावर हात धरला.

“पोटात कळ आली रे एकदम. तुम्ही व्हा पुढे.” तो खाली उतरला, दोन पावलं गेला आणि मागे वळला. “आणि ते वरचे चार कॅन उतरवा. मी येत नाहीये ना आता.”

शी! एवढ्या लोकांदेखत बोलला, तेही भाव विचारावा इतक्या सहज.

हमाल पुढे आला. फलमाता हलली नाही.

“बाई, ऊठ.”

“उठते ना,” ती म्हणाली. “हाजींना म्हणावं, या माझ्या जागी. पोरालाही घ्या.”

शेजारच्या म्हाताऱ्याने एक पाय कॅनवर ठेवला. मग दुसऱ्याने ठेवला. हमालाने हाजीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि हात मागे घेतले. रिसाने गिअर टाकला. हाजी धावत येऊन दाराला लटकला.

“गाडी माझी आहे, हरामखोरा!”

“तुमचीच आहे.” रिसाने वाकून ते दार आतून उघडलं. “सीटही तुमचीच. उंटावरून शेळ्या किती दिवस हाकणार? बसा.”

गाडी चालूच होती. हाजी दहा पावलं बरोबर चालला, मग त्याने दार सोडलं.

उघडं दार तसंच आपटत गाडी वाळूला लागली. हाजी बाहीवरचा खडू झटकत उभा होता.