ओढ्यासाठी प्रार्थना

प्रार्थना ऐन भरात आली होती आणि उपदेशकांच्या डाव्या पापणीला खाज सुटली होती.

डोळे मिटलेले, हात जोडलेले, तोंड चालू. खाजवणार कसं? समोर सगळी वस्ती डोळे मिटून बसलेली. या प्रार्थनाघराचा दंडकच होता: ‘डोळे मिटा’ म्हटल्यापासून ‘तथास्तु’ होईपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत. एकाने उघडले तरी सगळ्यांची प्रार्थना वाया. लोक तो निष्ठेने पाळत. निम्म्यांना तर झोपेमुळे फारसे कष्टही पडत नसत. उपदेशकांना तोंडावर ‘गुरुजी’ म्हणत आणि पाठीमागे ‘लांबण’.

“हे दयाळा, आमचा ओढा निर्मळ ठेव...”

वर कापड रंगवायचा कारखाना, खाली वस्ती, मध्ये ओढ्याला खेटून प्रार्थनाघर. वस्तीतल्या मुलांच्या अंगावर चट्टे उठायला लागले, तेव्हा उपदेशकांनी कंबर कसली. ‘ओढा देवाचा, निगा आपली’ असे फलक रंगवले, मोर्चा काढला. परिणामी पाणी तपासणारे साहेब आले आणि येतच राहिले. माणूस भाविक. दर आठवड्याला प्रार्थनेआधी ओढ्यात बाटली भरायचे आणि पहिल्या रांगेत येऊन बसायचे. दर आठवड्याला पाणी स्वच्छ निघायचं. मग उपदेशकांनी नेहमीच्या प्रार्थनेला ओढ्याची खास प्रार्थना जोडली. कारखान्याचे मॅनेजर तर स्वतः येऊन म्हणाले, “अजून थोडी वाढवा, गुरुजी. मन भरत नाही.” ओढ्याकडच्या खिडक्यांना त्यांनी निळ्या-जांभळ्या काचाही बसवून दिल्या. एकाग्रतेसाठी. उपदेशक हळवे झाले. मॅनेजरांना पाझर फुटला, असं त्यांना वाटलं. प्रार्थना वाढवली.

आज मात्र साहेबांनी दारातच सांगून टाकलं होतं, “गुरुजी, ही शेवटची बाटली. स्वच्छ निघाली की फाईल बंद. मलाही वर उत्तर द्यावं लागतं.”

आणि सकाळी बहिणीकडे वेगळाच प्रसंग झाला होता. भाची उंबऱ्यावर बसून कोपर खाजवत होती. रक्त यायचं तेवढं बाकी होतं.

“दादा, तुला राग येईल,” बहीण म्हणाली, “पण तू ओढ्यासाठी हात जोडायला लागलास आणि पोरीच्या अंगावर दुप्पट उठायला लागलं. जरा काही दिवस देवाला त्याच्या मनाने करू दे ना!”

“पाण्यात काही नाही. सरकारी तपासणी आहे,” उपदेशक म्हणाले, आणि पुरावा म्हणून ओढ्याकाठच्या विहिरीच्या पाण्याने तिच्यासमोर खसाखसा तोंड धुतलं.

आता ती पापणी पेटली होती. त्यांनी या पायावरचा भार त्या पायावर घेतला. दयाळाला दोनदा हाक मारली. शेवटी राहवेना, तेव्हा डावा डोळा उघडला. उजवा मिटलेलाच ठेवला. देवाशी तेवढी तडजोड.

समोर मिटलेल्या डोळ्यांची रांगेमागून रांग. आणि शेवटच्या रांगेत दोन उघडे डोळे. मॅनेजर फोन खिशात ठेवत होते. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, मग खिडकी. उपदेशकांचा एक डोळा त्यांच्यामागोमाग गेला. काचेतून ओढा जांभळा दिसत होता. दिसणारच, काचच जांभळी. पण खालचं एक तावदान मुलांच्या चेंडूने फुटलेलं होतं. त्यातूनही ओढा जांभळाच दिसत होता.

नजरानजर झाली. मॅनेजर चोरी पकडली गेल्यासारखे हसले आणि त्यांनी भक्तिभावाने डोळे मिटले.

उपदेशकांचं तोंड सवयीने निर्मळ झऱ्यांबद्दल बोलत राहिलं. मनात मात्र हिशेब जुळत गेला. सगळी वस्ती आत, साहेब आत, सगळ्यांचे डोळे बंद, आणि ते किती वेळ बंद राहणार हे ठरवणारा मी! ‘तथास्तु’ म्हणावं, तर लोक आधी चपला शोधणार, मग एकमेकांची खुशाली विचारणार. तेवढ्यात मॅनेजरांचा कारखान्यात एक फोन, आणि ओढा पुन्हा बाळासारखा निरागस. बहीण तिसऱ्या रांगेत होती. मांडीवरच्या भाचीचे दोन्ही हात तिने घट्ट धरून ठेवले होते.

“आता,” उपदेशक म्हणाले, “सगळ्यांनी डोळे मिटूनच उभं राहायचं. पुढच्याच्या खांद्यावर हात. प्रार्थना चालू आहे.”

लोक उठले. लांबणची नवी लांबण, असं कुणीतरी पुटपुटलं. पण डोळे कुणी उघडले नाहीत. उपदेशक खाली उतरले. साहेबांचा हात धरला. साहेबांच्या पिशवीत एक भरलेली बाटली होती आणि एक रिकामी, भरलेली फुटलीच तर म्हणून. दोन्ही किणकिणल्या. मग ते मागच्या रांगेपर्यंत गेले आणि मॅनेजरांचा हात धरला. उजवा, खिशाकडे निघालेला.

“हे काय गुरुजी, हे काही दंडकात...”

“प्रार्थनेत बोलू नये,” उपदेशक म्हणाले.

रांग अनवाणीच दाराबाहेर पडली. पायऱ्यांवर अडखळली, सावरली, उतारावरून खडे टोचत खाली गेली. पुढे उपदेशक, दोन्ही हात गुंतलेले, आणि पापणी आता बोराएवढी सुजलेली. ती त्यांनी खाजवली नाही. पायांना ओल लागली तसे ते थांबले. मागची सगळी वस्ती थांबली. ओढा वाहत होता तेवढा आवाज.

लोक ‘तथास्तु’ची वाट पाहत होते. उपदेशकांनी घसा खाकरला आणि आयुष्यातली सगळ्यात लहान प्रार्थना म्हटली:

“डोळे उघडा.”