गोड बोलणं

"या ना, बसा," रुपराव म्हणाला, आणि पंचफुलाच्या हातातली पिशवी पडता पडता राहिली.

ती घरी जाऊन अंघोळ आटोपून, भाताची पेज घेऊन वॉर्डात परतली होती. लग्न झाल्यापासून या माणसानं तिला साधं 'बस' म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. 'काहून वं, रस्ता विसरली का?' नाहीतर 'आली का फौजदारीण?' असं त्याचं स्वागत असायचं. परवा रक्ताची उलटी झाली, फरशी लाल झाली, तेव्हाही डोळे उघडल्याबरोबर तो म्हणाला होता, "पाहून काय राहिली वं? पुस पटकन, डाग पडंल."

डॉक्टरांचीही त्यानं गय केली नव्हती. ते सकाळ-संध्याकाळ विचारायचे, "साल कोणतं चालू आहे?"

"चौऱ्याहत्तर. तुमचं क्यालेंडर हरवलं का गा?"

"आणि ही कोण?"

"हिलेच विचारा ना. लग्नापासून मलेही समजून नाही राहिलं."

सगळा वॉर्ड हसायचा. पंचफुला पदरानं तोंड झाकायची, पण डोळ्यांतलं हसू काही झाकलं जात नसे.

याच डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात नेऊन समजावलं होतं, "बाई, त्यांचं यकृत दगडासारखं झालंय. पोटात सांडलेलं रक्त आतड्यात सडतं. ते विष गाळायला यकृत उरलेलं नाही, ते सरळ मेंदूवर चढतं. मग माणूस बरळतो, झोपतो, आणि उठत नाही. म्हणून एनिमा देऊन पोट साफ ठेवायचं. मटण नाही, अंडं नाही, डाळसुद्धा नाही. आणि लक्ष ठेवा. जरा वेगळे वागले तर लगेच हाक मारा. आमच्या आधी तुम्हालाच कळेल."

वेगळं म्हणजे कसं? सरळ तरी कधी वागला होता तो? हे काही तिनं विचारलं नव्हतं.

आता उशाशी त्याची मोठी बहीण बसली होती, रंभाबाई. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"ऐकलं का वं? कसा गोड बोलून राहिला. दुखण्यानं शहाणा केला माह्या भावाले."

"बाई, सकाळचा एनिमा झाला का?"

"आली होती ते नर्स नळी घेऊन. मीच वापस पाठवली. आंगातलं सारं रक्त गेलं त्याच्या, अन् वरून जुलाब? मंग ताकत कुठून येईन?"

पलंगाखाली डबा होता. झाकण उघडायची गरजच नव्हती. सावजी मसाल्याचा वास औषधांच्या वासाला पुरून उरला होता.

"कलेजीचा रस्सा हाय," रंभाबाई म्हणाली. "कलेजी बिघडली त कलेजीच चारा लागते. तू त पेज पाजू पाजू मारशीन त्याले. दोन वाट्या पेला. एका शब्दानं नाही म्हटलं नाही."

नाही म्हटलं नाही! आणि मिठाला नावं ठेवली नाहीत? पंचफुलानं पिशवी खाली ठेवली. ती नवऱ्यावर वाकली.

"अवो, हात समोर करा बरं."

त्यानं शाळकरी पोरासारखे हात पुढे केले. पंजे मनगटातून खाली पडत होते, सावरून वर येत होते, पुन्हा पडत होते. हातमागावर बसला की तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारे हात ते.

"मी कोण हाय?"

त्यानं तिला खालून वर न्याहाळलं. मग अदबीनं म्हणाला, "आपण... आपण मोठ्या घरच्या दिसता."

रंभाबाई हसली. हसता हसता तिनं डबा पायानं आत सारला.

पंचफुला धावली. डॉक्टरांना निरोप गेला. नर्स साबणपाण्याचा डबा आणि रबरी नळी घेऊन आली, पलंगाभोवती पडदा ओढला गेला.

"पंचफुला, मले काय मालूम होतं वं..." रंभाबाई म्हणाली.

"बाई, कुशीवर वळवा त्यांना. या बाजूनं," पंचफुला म्हणाली.

नळी पाहिली तसे रुपरावचे डोळे भरून आले. त्यानं पंचफुलापुढे कसेबसे हात जोडले.

"बाईसाहेब, आपल्या पाया पडतो. हे नको. येवढी मेहरबानी करा माह्यावर."

इतक्या वर्षांत तो जे हवं ते हक्कानं घेत आला होता, तीही देत आली होती. मागण्याची पाळी आज पहिल्यांदाच आली होती त्याच्यावर.

पंचफुलानं ते जोडलेले हात तसेच आपल्या दोन्ही मुठींत घट्ट आवळले आणि तोंड फिरवलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "लावा नळी."