बेटावरची जागा

"एकोणतीस. पुन्हा सांगते, एकोणतीस. अठ्ठावीस." स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला आणि लेकीच्या हातातलं पेन अर्जावर तसंच थांबलं.

"कुणाशी बोलतेस गं?"

"कुणाशी बोलणार? डाळ निवडतेय," आई म्हणाली.

लेकीने पुन्हा अर्जात डोकं घातलं. वय अडतीस. धंदा, चष्म्याच्या दुकानात काचा घासणे. जागा होती समुद्रातल्या एका बेटावर, हवामानाच्या ठाण्यात. दिवसातून तीनदा वारा, पाऊस, उष्णता यांचे आकडे वाचायचे आणि रेडिओवरून किनाऱ्याला कळवायचे. राहायला एक घर. शेजार नाही. बोट महिन्यातून एकदा. वयाची अट नाही, शिक्षणाची फारशी नाही. कुठून असणार? आधी जायला कुणी तयार तर व्हायला हवं.

ती तयार होती. घराच्या खालीच पत्रे ठोकणाऱ्याचं दुकान. सकाळी आठला त्याची ठणाठण सुरू झाली की ती संध्याकाळपर्यंत चालायची. ती ऐकून दुकानात जावं, तर तिथे काचा घासायचं यंत्र दिवसभर किरकिरायचं. कान किटले होते तिचे. गेल्या आठवड्यात थांब्यावर उभ्याउभ्याच ती मनाने त्या बेटावर पोचली आणि डोळ्यांसमोरून दोन बसगाड्या निघून गेल्या.

आईला तिने बेटाबद्दल सांगितलं होतं. आईने प्रश्नांचा नुसता भडिमार केला. पाणी गोडं आहे का? जिने किती चढायचे? आजारी पडलं तर? विजेचं काय?

"मी गेलेलं तुला नकोय, सरळ सांग ना," लेक वैतागून म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं? विचारलं फक्त."

तिचं हे असंच. तीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत लोकांची बोलणी जोडून दिली बाईने, पण स्वतःच्या पोटातलं ओठावर येऊ देईल तर शपथ.

आकडे मात्र थांबेनात. भांडी घासताना आकडे, कपडे वाळत घालताना आकडे. अधूनमधून "ऐकू येतंय का?" हेही असायचं. त्यात आईने आणखी एक खूळ काढलं. रोज सकाळी जिना चारदा चढायचा आणि चारदा उतरायचा.

"गुडघ्यांसाठी गं," ती धापा टाकत सांगायची.

मंगळवारी तर कहरच झाला. आई जुन्या मैत्रिणीकडे म्हणून गेली ती संध्याकाळी उगवली. गालांवर लाली, चप्पल धुळीने माखलेली. कुठली मैत्रीण, तर नाव पटकन आठवेना.

दुसऱ्या दिवशी लेकीने दुकानाच्या मालकांपाशी मन मोकळं केलं.

"वय झालं की डोकं असं भरकटतं, ताई," मालक म्हणाले. "माझे काका असेच बडबडायचे. पुढे घरचा रस्ता विसरले. आता त्यांना एकटं सोडू नका. आणि ते बेटबिट म्हणजे दुरून डोंगर साजरे. विसरा."

विसरा म्हणे. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! त्या दिवशी तिच्या हातून दोन काचा फुटल्या. घरी येऊन तिने अर्ज कपाटात कपड्यांच्या खाली सारला. मग आमटीत मीठ जास्त झालं म्हणून आईला नाही नाही ते बोलली आणि न्हाणीघरात जाऊन रडली. आईचा तिला राग आला होता. आपल्याला आईचा राग येतो, याची त्याहून जास्त लाज वाटत होती. आई मात्र शांतपणे कपाट आवरत बसली होती. कपाट आवरायची तिला भारी हौस.

महिना गेला. एका रविवारी दुपारी दार वाजलं. हातात फाईल घेतलेले एक पोक्त गृहस्थ उभे होते.

"हवामान कचेरीतून आलो. अर्ज मंजूर झालाय. सही घ्यायची होती. गुरुवारी बोट आहे."

 लेकीने तर अर्ज टाकलाच नव्हता. तिने आईकडे पाहिलं. आईने नजर चुकवली आणि पदराने उगाच टेबल पुसलं.

म्हणजे अर्ज आईला सापडला होता. तिने तो गुपचूप टाकला होता. डोकं भरकटत चाललेलं असतानाही म्हातारीने लेकीचं मन ओळखलं होतं. लेकीला भडभडून आलं. महिनाभर आपण हिला काय काय बोललो!

गुरुवार. फक्त चार दिवस. क्षणभर तिला वारा ऐकू आला, निव्वळ वारा. मग तिने मन घट्ट केलं.

"माफ करा," ती गृहस्थांना म्हणाली. "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. मला जायची फार इच्छा होती, खोटं कशाला बोलू? पण आईची तब्येत बरी नसते. तिला एकटीला टाकून मी नाही जाणार."

गृहस्थ गोंधळले. त्यांनी हातातला कागद वाचला, लेकीकडे पाहिलं आणि मग आईकडे पाहिलं.

"तुम्ही घरी सांगितलं नाहीत, बाई?"

"धीरच होत नव्हता," असं म्हणत आईने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि कागदावर ठसठशीत अक्षरात आपलं नाव लिहिलं. "हिला एकटीला टाकून जायचं अगदी जिवावर आलं होतं हो. पण म्हटलं, अडतीस वर्षं झाली, आणखी किती दिवस हिच्यापायी अडकून राहू?"