चारशे बत्तीसच्या पुढं

"आज वार कोणता, मास्तर?" डॉक्टरांनी वाकून विचारलं.

कारभारी मास्तरांनी डोळे उघडले, पंख्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले. डोक्याला पट्टी, तिच्यावर जाळीची टोपी. मेंदूवर साकळलेलं रक्त काल काढलं होतं. आत आता सगळं ठीक आहे की पुन्हा रक्त साकळतंय, हे त्यांच्या बोलण्यावरूनच ताडायचं होतं.

"बरं, तुम्ही आत्ता कुठं आहात?"

"खाटेवर." जीभ जड पडत होती.

डॉक्टर हसले नाहीत. खाटेच्या पायथ्याशी मास्तरांची लेक आवडा उभी होती, तिच्याकडे पाहून त्यांनी मान हलवली. "सकाळपासून असंच चाललंय. पुन्हा स्कॅन करून घेऊ. रक्त दिसलं तर आजच परत डोकं उघडावं लागेल. आणि या वयात दुसऱ्यांदा..."

"डॉक्टर, मी एक गणित विचारू का?" आवडा म्हणाली. "जन्मभर करमाडच्या शाळेत गणितच शिकवलंय त्यांनी."

"विचारा. पण सोपं विचारा."

ती बापाच्या कानाशी वाकली. "आप्पा, अठरा आणि चोवीस. लसावि किती?"

उत्तर तिनं मनात आधीच काढून ठेवलं होतं. दोघांना दोननं भागलं, मग तीननं. खाली तीन आणि चार उरले. सगळ्यांचा गुणाकार बहात्तर.

उशाशी स्टुलावर बसलेल्या सारजाबाईंनी लेकीचा पदर ओढला. "काय विचारलंस गं त्यास्नी?"

"दोन्ही पाढ्यांत पहिल्यांदा सापडतो तो आकडा, माय."

"मंग असं मराठीत बोल की." सारजाबाई बोटांच्या पेरांवर पुटपुटू लागल्या. अठराचा पाढा थोडा, चोवीसचा थोडा, पुन्हा अठराचा. "अठरा चोक बहात्तर, चोवीस त्रिक बहात्तर. व्हय ना?"

आवडानं ओठांवर बोट ठेवलं. मास्तरांचे ओठ हलत होते. निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलेला माणूस. तोंडानं सगळी हयात मराठीत शिकवलं, पण मनातला हिशेब उर्दूतच चालायचा. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं सरकत होती.

"चारसौ बत्तीस," ते म्हणाले.

सारजाबाईंचं बोट पेरावरच थांबलं.

"ठीक आहे," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "मी स्कॅनला कळवतो." ते दाराकडे वळले.

आवडानं बापाच्या पायावरची चादर नीट केली. ती नीटच होती. ज्या माणसानं आख्ख्या गावाला हिशेब शिकवला, त्याचं एवढंसं गणित चुकलं होतं.

"पुढं कोण सांगतंय?" मास्तर म्हणाले.

"कोण काय सांगणार आता?" सारजाबाईंनी त्यांच्या ओठांना चमच्यानं पाणी लावलं. "पडा उगी."

"पुढं कोण सांगतंय?" आवाज चढला. उजव्या हाताची दोन बोटं गादीवर आपटली.

आवडा ताठ उभी राहिली. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. आप्पांनी फळ्यावरचं एकही गणित कधी स्वतः पुरं केलं नाही. शेवटची पायरी वर्गाची. ते खडू धरून उभे राहायचे आणि कोणी बोलेपर्यंत हलायचे नाहीत; मग घंटा झाली तरी बेहत्तर. ती त्यांच्याच वर्गात होती, तिसऱ्या बाकावर. तिथं आप्पा म्हणायची सोय नव्हती.

अठरा गुणिले चोवीस. वीस चोवीस चारशे ऐंशी, त्यातून दोन चोवीस वजा. चारशे बत्तीस. बरोबर. दोन्ही आकड्यांचा आधी गुणाकार करायचा, मग दोघांनाही भाग जाईल अशा सगळ्यात मोठ्या आकड्यानं त्याला भागायचं.

"सहानं भागायचं, सर," ती नाक ओढत म्हणाली.

"मग?"

"बहात्तर."

"आलं ना? मग रडायला काय झालं? बस खाली."

बसायला दुसरं काही नव्हतं. ती खाटेच्या कडेवरच बसली.

"मी तर मघाच बहात्तर म्हणलं होतं," सारजाबाई म्हणाल्या.

"तुला कोणी विचारलं होतं?"

"कुणी नाय. मला कोण विचारतंय?" असं म्हणत त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

स्कॅनला फोन करून डॉक्टर दारातून परत आले होते. त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला, दोन्ही हातांनी आपली बोटं दाबायला लावली, पाय उचलायला लावले. मास्तरांनी सगळं केलं, पण कपाळावर आठी घालून.

"मला वाटलं, तुमचं उत्तर चुकलं," डॉक्टर म्हणाले.

"उत्तर अजून दिलंच नव्हतं." मास्तरांना दम लागला, ते थांबून बोलले. "तुम्ही लेकरं लई घाई करता."

"आणि वार, मास्तर? तो नाही सांगितलात."

"पेन्शनीतल्या माणसाला वाराचं काय काम?"

या वेळी डॉक्टर हसले. तेवढ्यात दारात स्कॅनला न्यायची ट्रॉली आली. तिच्यावर धुतलेली चादर अंथरलेली होती. डॉक्टरांनी पेशंटकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"राहू द्या," ते ट्रॉलीवाल्याला म्हणाले. "मी दर तासाला येऊन बघतो. स्कॅन लागलाच तर सांगतो."

रिकामी ट्रॉली खडखडत लांब व्हरांड्यातून निघून गेली. आवाज थांबेपर्यंत आवडा दारात उभी राहिली. मग तिनं दार ओढून घेतलं.