मेणाचे हात

“मेलेला माणूस असा बिस्किट खाल्ल्यासारखा चावतो का?” ताईने विचारलं.

टायपिस्टबाई ओशाळल्या. जन्मात कुणाला एक शब्द लागेलसा बोलल्या नव्हत्या आणि आज एकदम हात चावायचा. त्यांनी डोळे मिटले, मेणाच्या हाताला पुन्हा तोंड लावलं. या वेळी दात रुतले. ताईने ‘कट’ म्हटलं, तो हात फडक्यावर ठेवला आणि पिक्चरमधल्या पुढच्या झोंबीसाठी नवा काढला.

फोटोग्राफर कुरकुरला. लग्नकार्यातला माणूस तो, एका गुच्छात चार वऱ्हाडं निभावणारा. एक हात सगळ्यांना पुरला असता, असं त्याचं म्हणणं. ताई म्हणाली, एकाचा उष्टा हात दुसऱ्याच्या तोंडात कसा द्यायचा?

ताईचा धंदा कवळ्या बनवायचा. गावातले निम्मे म्हातारे तिच्या दातांनी जेवत. त्यामुळे झोंबींना झकास लांब सुळे मिळणार, अशी सगळ्यांची अटकळ होती. तिने साफ नकार दिला. मेल्यावर कुणाला नवे दात फुटत नाहीत, ज्याने त्याने आपलेच वापरावेत.

पिक्चरची गोष्ट मात्र तिच्या धाकट्या भावाची. झोंबींचं वेड त्याला. ज्या कंपनीच्या गोदामात शूटिंग चाललं होतं, तिथे तो कॅशियर होता. एका रात्री तिजोरी रिकामी झाली, हरवलेली किल्ली त्याच्या खणात सापडली आणि तो आत गेला. चोराशी अंधारात झटापट केली होती ती म्हाताऱ्या रखवालदाराने. त्याच्या हाताला जखमही झाली होती, पण किल्ली सापडल्यावर जखमेकडे कोण बघतं? आता चार दिवसांवर निकाल होता. भावाची वकीलबाई तोंडाने धीर देत होती, चेहऱ्याने नाही. पिक्चर आजच संपायला हवा, एवढंच ताई सकाळपासून म्हणत होती.

भाऊ तुरुंगात आणि ही भुतं नाचवते, असं लोक बोलले. पण बोलावणं गेल्यावर भावाच्या ऑफिसातले सगळे आले, तेही फुकट. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला यातलं कुणी फिरकलं नव्हतं. झोंबी व्हायला मात्र झाडून सगळे हजर. मनावरचं ओझं स्वस्तात उतरत असेल तर माणूस रविवारची झोपसुद्धा सोडतो.

वकीलबाई टाळीची पाटी धरून उभी होती. पाटी वाजण्याआधी प्रत्येकाने कॅमेऱ्यात बघून पूर्ण नाव आणि तारीख सांगायची, असा नियम होता. शेवटी पडद्यावर नावं येतात, त्यात चूक झाली तर लोक जन्मभर बोलून दाखवतात, असं ताईने सांगितलं. ते सगळ्यांना पटलं.

मरणाऱ्याचं काम रखवालदाराकडे होतं. तो पाठीवर पडून राहायचा. खरा हात लांब बाह्यांच्या सदऱ्यात छातीशी दुमडलेला, आणि बाहीतून मेणाचा हात बाहेर. मध्येच त्याला डुलकी लागली. एवढा नैसर्गिक अभिनय दिवसभरात दुसऱ्या कुणाचा झाला नाही.

अडचण एकच होती, कंपनीच्या साहेबांची. गोदाम त्यांनी दिलेलं, म्हणून नायकाचं काम त्यांच्याकडे गेलं होतं. नायक फौजी अधिकारी. तो झोंबींना मारतो, चावत नाही. दुपारपर्यंत सगळे चावून मोकळे झाले, तरी साहेब लाकडी बंदूक घेऊन ताठ उभे होते.

ताई म्हणाली, शेवट बदलू या. अधिकाऱ्यालाही लागण होते.

साहेबांना ते रुचलं नाही. नायक मेला की पिक्चर पडतो, असं त्यांनी ऐकलं होतं. गोदाम कुणी दिलं, याचीही त्यांनी हसत हसत आठवण करून दिली. शिवाय मेण चावायचं म्हणजे काय पोरखेळ आहे?

“बरोबर आहे तुमचं,” ताई म्हणाली. “मग शेवटचा क्लोजअप टायपिस्टबाईंचा ठेवते.”

“क्लोजअप?”

“चावतानाचा. पडदाभर तोंड. त्यावरच पिक्चर संपतो.”

साहेबांनी टायपिस्टबाईंकडे पाहिलं. त्या घाईघाईने ओठांचं मेण पुसत होत्या.

“त्यांना कुठे जमतंय, ताई?”

“नाही जमत. पण दुसरं आहे कोण?”

साहेबांनी बंदूक भिंतीला टेकवली.

त्यांनी खणखणीत आवाजात नाव आणि तारीख सांगितली, वर हुद्दाही सांगितला. पाटी वाजली. साहेब गुडघ्यांवर पडले आणि मेणाच्या हातावर असे तुटून पडले की फोटोग्राफर एक पाऊल मागे सरला. ताईने ‘कट’ म्हणायला बराच वेळ घेतला. गोदामभर टाळ्या पडल्या.

“चावावं तर असं,” साहेब टायपिस्टबाईंना म्हणाले आणि रुमाल शोधू लागले.

फोटोग्राफरने विचारलं, कॅमेरा बंद करू का? ताई म्हणाली, राहू दे चालू. मग पुढचा सीन कुठला, असं त्याने विचारलं.

“पुढचा नाहीच. एवढाच होता.”

तिने मेणाचा हात बाहीतून अलगद सोडवला, खिडकीपाशी नेला आणि वकीलबाईसमोर टेबलावर उजेडात ठेवला. वरच्या रांगेत एक सुळा आत वळलेला होता आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

“काका, या इकडे,” ती रखवालदाराला म्हणाली. “आता तुमचा हात काढा.”

रखवालदार उठून आला. त्याने सदऱ्यातला हात बाहेर काढला, बाही कोपरापर्यंत सारली आणि मेणाच्या हाताला लागून टेबलावर ठेवला. मनगटाच्या वर दातांचा जुना वण होता. त्यातही एक सुळा आत वळलेला होता, आणि शेजारची जागा रिकामी.